आजोबांच्या फियाटचा पत्रा : किती कापायचा, किती राखायचा

पेडण्याहून तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. आजोबांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट अकरा वर्षं मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभी आहे आणि मांगराच्या डोक्यावर आंबा आहे. दरवाजांखालचा लांब पत्रा दोन्ही बाजूंनी चाळणी झालाय, ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते, पुढच्या मडगार्डांवर फोड आलेत. एक गॅरेजवाला म्हणतो, वरून पत्रा मारून पुट्टी भरतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) गाडी दारात. दुसरा म्हणतो, खालचं सगळं कापून नवं करावं लागेल. तुमच्या मेव्हण्यांनी मध्येच फायबरचा तोडगा काढलाय. यातलं कोणाचं ऐकायचं?

मी फोंड्यात तीस वर्षं पत्रा ठोकतोय. पहिल्या गॅरेजवाल्याला चहा पाजा आणि निरोप द्या. दुसऱ्याचं अर्धं बरोबर आहे. कापावं लागणार, पण सगळं नाही, आणि कापायच्या आधी एक काम आहे जे या दोघांनीही सांगितलेलं दिसत नाही : त्या जागी पाणी आलं कुठून ते शोधणं. ते न शोधता तुम्ही सोन्याचा पत्रा लावलात तरी चौथ्या पावसाळ्यात फोड पुन्हा तिथेच येतील.

बाहेरून फोड दिसतो तेव्हा पत्रा आतून बाहेर खाऊन झालेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि दोन पत्र्यांच्या जोडात शिरला तर जोडच उकलतो. आपल्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण एकट्या पावसाने एवढं नुकसान होत नाही. पाऊस पडतो आणि वाहून जातो. नुकसान करतं ते अडकलेलं पाणी, ओली माती आणि समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे आपल्याला कोरडा वाटणारा पत्राही प्रत्यक्षात ओलाच असतो.

तुमच्या गाडीचा रोग मला न बघता सांगायचा झाला तर तो आंब्यापासून सुरू होतो. बॉनेटच्या मागे, काचेच्या खाली जी खोबण असते तिथे पानं साठतात, कुजतात, पाण्याची वाट बुजते. पाणी मग काचेच्या रबरातून आत उतरतं. पन्नास वर्षांच्या रबराचं लाकूड झालेलं असतं, ते काय अडवणार! आत आलेलं पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं. नमदा म्हणजे स्पंज, तो पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळत नाही. म्हणजे तुमच्या पायाखालचा पत्रा रस्त्याच्या चिखलाने खालून सडलेला नाही, वरून सडलाय. दरवाजाचंही तसंच. काचेच्या बाजूने पाणी दरवाजात उतरणारच, त्यासाठी खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने नाहीतर मागच्या पेंटरने मारलेल्या रंगाने बंद होतात आणि दरवाजा आतून घागरीसारखा भरतो. मडगार्डवरचे फोड दिव्याच्या मागे किंवा दरवाजाच्या पुढे असतील, कारण चाकाने उडवलेली लाल माती तिथल्या कोनाड्यात जाऊन बसते आणि वर्षभर ओली राहते.

आता तपासणी. पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक खालच्या सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी किंवा फायबर आहे, म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी लपवाछपवी करून गेलाय. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचा. बिनधास्त टोचा, जो पत्रा टोचल्याने फुटतो तो तसाही गेलेलाच होता. हातोडीच्या दांड्याने वाजवलंत तर चांगला पत्रा टण्ण बोलतो आणि सडलेला थप्प. आमच्या उस्तादांचं म्हणणं होतं की गाडीला आधी कान लावावा, डोळे नंतर.

दरवाजाखालच्या त्या लांब पत्र्याला काही गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, काही सिल. नाव काहीही असो, तो शोभेचा नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. फियाट ११०० ला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल ही आतून पोकळ पेटी असते आणि गाडीचा मधला भाग तिच्यावर तोललेला असतो. ॲम्बॅसॅडरचीही तीच गत. फोक्सवॅगन बीटल असती तर गोष्ट वेगळी, तिची बॉडी तळाच्या सांगाड्यावर बोल्टने बसवलेली असते. म्हणूनच फायबर इथे चालत नाही. फायबर वजन पेलत नाही, गंजावर नीट चिकटत नाही आणि मागे ओल कोंडून ठेवतो. वरून पत्रा मारून रिव्हेट करण्यातही हाच घोळ आहे. दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी चढतं आणि तिथून हलत नाही. वर ॲल्युमिनियमचे रिव्हेट आणि लोखंडी पत्रा खाऱ्या ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियमचे रिव्हेटच आणखी वेगाने खाल्ले जातात.

सिल कापायच्या आधी गाडी पाना-जॅकवर लोंबकळवू नका. सस्पेन्शनच्या जागी भक्कम स्टँडवर समतल बसवा. दरवाजे काढू नका, लटकलेलेच राहू द्या. दरवाजाभोवतीची फट वर, मध्ये, खाली मिलिमीटरमध्ये मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मग दरवाजाच्या आतल्या बाजूने, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार टाका (वेल्डिंगचा ठिपका) मारून बसवा. दरवाजा उघडता-मिटता आला पाहिजे, कारण काम चालू असताना तोच तुमची मोजपट्टी. एका वेळी एकच बाजू. मी उमेदवारीत एका प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी उघडल्या होत्या, लवकर उरकावं म्हणून. नवे पत्रे बसले, आधार काढला, आणि मागचा दरवाजा लागेना. ती गाडी पुन्हा सरळ करायला मला तीन आठवडे लागले आणि मालकाने आमच्याकडे येणं कायमचं सोडलं.

कापायचं किती? चकचकीत लोखंड लागेपर्यंत, आणि त्यापुढे बोटभर. त्याहून जास्त नको. आजोबांच्या गाडीतला मूळ पत्रा हीच तिची किंमत आहे. दुसरा गॅरेजवाला जे 'सगळं कापू' म्हणतो त्यात त्याची सोय जास्त आहे, कारण सरळ लांब काप सोपा पडतो. बाहेरचा पत्रा आधी खिडकीएवढा उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. आतला उभा पत्रा शाबूत असेल तर नशीब तुमचं. तो खाल्लेला असेल तर आधी तो करायचा, त्याला गंजरोधक मारायचा आणि मगच बाहेरचा बंद करायचा.

पत्रा सीआर शीटच (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) वापरा. बाहेरच्या भागाला २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, आतल्या आणि जॅकच्या जागेच्या भागाला १८ गेज, १.२ च्या आसपास. मूळ पत्रा कॅलिपरने मोजा आणि त्याला जुळवा, 'जाड म्हणजे मजबूत' हा हिशेब इथे लागू नाही. जाड आणि पातळ पत्रा जोडला की पातळ बाजू जळते. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा तर घेऊच नका. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, शिवाय टाकाही कच्चा बसतो. आकारासाठी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीवर बसवून बघा. लांब घडी हाताने ठोकून सरळ येत नाही, ती कुंडईच्या किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत बेंडिंग मशीनवर काढून घ्या.

तयार पत्रे शोधत असाल तर पुढची पद्मिनी आणि तुमची डिलाइट यांचे बरेचसे पत्रे जुळतात, दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगारात काही ना काही मिळतं. पण मुंबईचा पत्राही खाऱ्या हवेतलाच. मी शक्यतो घाटावरचा पत्रा बघतो. चोर्ला चढून बेळगावला जा, कोल्हापूरकडे चौकशी करा. तिथल्या पद्मिनीचं इंजिन विकत घेण्यासारखं नसेल, पण खालचा पत्रा बघून डोळे निवतात.

वेल्डिंगबद्दल लोक उगाच भांडतात. सिल आणि तळाला सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आडोशाने वायरचं वेल्डिंग) चांगलं, वायर ०.८ किंवा मिळाली तर ०.६ ची. लांब रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा पहिल्याकडे, दोन टाक्यांत इंचभर अंतर. हात लावता येईपर्यंत थांबायचं, मग मधल्या जागा भरायच्या. घाई केलीत तर पत्रा लाटेसारखा उठतो. दर्शनी मडगार्डवर मात्र मी अजूनही गॅस वेल्डिंगवाला जुना हात शोधतो. सीओटूचा टाका कडक असतो, ठोकला की तडकतो. गॅसचा टाका मऊ असतो, तो गरम असतानाच हातोडी आणि डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) सपाट करता येतो आणि मग पुट्टी नखभरसुद्धा लागत नाही. असे हात आता गोव्यात बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. कोणी पितळेची झाळ देतो म्हणाला तर नको म्हणा. तिचा फ्लक्स मागे राहून गंज धरतो आणि पितळ लागलेल्या जागी पुढे कधी नीट वेल्डिंग होत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, सीट आणि नमदा काढा, पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, तिच्यात वाफ असते. ओलं गोणपाट आणि आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी. आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच बसा, कारण तळाला मारलेलं जुनं डांबर आत धुमसत राहतं आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटतं.

गंज काढण्याचे उपाय बरेच आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. सुटे होणारे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, दिव्याची कडी, यांच्यासाठी काकवी. एक भाग काकवी किंवा साखर कारखान्याची मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात आठ-पंधरा दिवस. गंज विरघळतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचं काही चुकून आत जाऊ देऊ नका, ते खाल्लं जातं. वास इतका येतो की शेजारी चौकशीला येतात. घाई असेल तर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर : दर चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचा सोडा, भागाला वजा टोक, लोखंडाच्या जुन्या पट्टीला अधिक टोक. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, विडी लांब ठेवा. पट्टी स्टेनलेसची नको आणि सोड्याऐवजी मीठ तर मुळीच नको, दोन्हीतून विषारी गोष्टी तयार होतात.

सँड ब्लास्टिंगचा मोह सगळ्यांना होतो. मी एकदा एका ॲम्बॅसॅडरचं बॉनेट बार्जच्या यार्डात ब्लास्टिंगला दिलं. त्यांचा हात बोटभर जाडीच्या प्लेटवर बसलेला, माझा पत्रा मिलिमीटरभराचा. बॉनेट स्वच्छ होऊन आलं, पण पापडासारखं फुगून. दोष माझाच, त्यांनी आधी विचारलं होतं. मोठ्या सपाट पत्र्याला ग्राइंडरची फ्लॅप डिस्क हलक्या हाताने, नाहीतर रंग काढायचं केमिकल आणि खरवड. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना चांगला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

पत्रा चांगला आहे पण त्यावर बारीक खड्डे पडून आत काळे ठिपके राहिलेत, अशा जागी फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर उपयोगी. भोक पडलेल्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे मेलेल्याला औषध पाजणं. लावल्यावर बाटलीवर सांगितलंय तसं धुऊन काढा, कारण ॲसिड मागे राहिलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर धरत नाही.

किनारपट्टीवरच्या गाड्यांना एक गोष्ट फार नडते आणि ती गॅरेजमध्ये क्वचितच कोणी करतं : मीठ धुणं. खड्ड्यांच्या तळाशी क्षार दडलेले असतात. घासून पत्रा चांदीसारखा दिसला तरी ते तिथेच राहतात आणि प्रायमरखाली पुन्हा काम सुरू करतात. लोक म्हणतात पेंट खराब होता. पेंट बिचारा ठीक होता. घासलेला पत्रा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, ब्रशने चोळा, लगेच पुसून गरम हवेच्या ब्लोअरने वाळवा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही, घामातही मीठच. आणि उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. आपल्याकडे रात्रभर ठेवलात तर सकाळी नारिंगी झालेला दिसेल.

प्रायमर म्हणून रेड ऑक्साइड स्वस्त आणि ओळखीचा आहे, पण तो सच्छिद्र. दोन भागांचा एपॉक्सी घ्या. तळाला आणि सिलच्या आत मी मरीन एपॉक्सी वापरतो, ज्याचा हार्डनर फेनाल्कामाइनचा असतो. हा हार्डनर काजूच्या टरफलाच्या तेलापासून निघतो, तेच तेल आपले रामपणकार मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या होड्यांना फासत आले. दमट हवेतही तो नीट सुकतो. तो जाड बसतो, म्हणून दर्शनी भागावर नको, तिथे गाड्यांचा एपॉक्सी प्रायमर. पुट्टी भरायची ती या एपॉक्सीच्या वर, उघड्या लोखंडावर नाही, कारण पुट्टी पाणी पिते. त्याच कारणाने आपल्याकडे पुट्टी वॉटर पेपरने ओली घासायची जी पद्धत आहे ती मी सोडली. कोरडी घासा, धूळ सहन करा. दोन भागांचा रंग फवारताना तोंडाला फडकं बांधून भागत नाही, गॅसचा मास्क लागतो.

सिल बंद झाली, रंग झाला, की आतल्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा प्रायमर जळालेला असतो आणि तिथे हात पोचत नाही, म्हणून हे वॅक्स चुकवायचं नाही. मिरगाच्या आधी तळाला जळकं ऑइल फवारायची आपली जुनी चाल आहे. गंज थोपवतं ते, नाही म्हणत नाही. पण रबरी बुश फुगवतं, अंगणातल्या विहिरीत उतरतं आणि कातडीला वाईट. वॅक्स परवडतं.

कागदाचं एक सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिची चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून कापण्याआधी, कापल्यावर, पत्रा बसवल्यावर असे फोटो काढा, म्हणजे मूळ आकाराचीच दुरुस्ती झाली हे दाखवता येईल. गोवा-दमण-दीवच्या काळातला जुना 'जीडी'वाला नंबर असेल तर तो सोडू नका, आधी नोंदलेल्या गाडीला तो ठेवता येतो. व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे ठरवून मगच अर्ज करा.

राहिली चवथ. नाही होणार, आणि जो होईल म्हणतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. आता मे संपतोय. पावसात उघडा पत्रा आणि रंग ही दोन्ही कामं आपल्याकडे करूच नयेत. पावसाळ्यात सुटे भाग काकवीत बुडवा, पुठ्ठ्याचे नमुने कापा, बेळगावची एक चक्कर मारा, काचेचं रबर मागवा. दसऱ्यानंतर कापायला घ्या. रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, तोही सकाळी दहानंतर, कारण थंडीत आपल्याकडे दंव इतकं पडतं की सकाळी पत्रा हाताला ओला लागतो. ज्या तापमानाला हवेतली ओल दंव होऊन बसते त्याला दवबिंदू म्हणतात; पत्रा त्यापेक्षा निदान तीन अंश गरम असल्याशिवाय रंगाची बंदूक हातात घ्यायची नाही.

या आठवड्यात गाडी आंब्याखालून बाहेर काढा, मॅट आणि नमदा फेकून द्या, खोबणीतली पानं उपसा आणि सायकलच्या स्पोकने दरवाजांची भोकं मोकळी करा. मग पहिली मोठी सर येईल तेव्हा तिला एकदाच पावसात उभी करा. तुम्ही टॉर्च घेऊन आत बसा, शेजारी कोणालातरी मार्कर देऊन बसवा आणि पाणी जिथून आत येईल तिथे तिथे खूण करायला लावा. त्या खुणांचे फोटो घेऊनच गॅरेजवाल्याकडे जा.